राखेखालचा विस्तव

जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, घरातले आवाज एकेक करून बंद झाले, की मगच हे वाचायला घ्या. पाट, खुर्ची, गॅलरीतला कट्टा, कुठेही बसा. पाठ ताठच हवी असा माझा आग्रह नाही. घरात एक रुपयाचं नवं, लहान नाणं असेल तर ते तळहातावर ठेवा. गार लागेल. वजन साधारण ३ ग्रॅम. जाणवतंय का? जेमतेमच. असू द्या तिथेच.

लाल गळ्याचा हमिंगबर्ड एवढ्याच वजनाचा असतो. उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करतो आणि थंडी पडायच्या आत मेक्सिकोकडे, मध्य अमेरिकेकडे निघतो. त्यांतले कितीतरी मेक्सिकोच्या आखातावरून, सुमारे ८०० किलोमीटर, कुठेही न टेकता जातात. खाली पाणीच असतं, टेकणार कुठे? निघण्याआधी चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतात. म्हणजे दोन नाणी.

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांतल्या. आपल्याकडे एकही नाही. जास्वंदीवरच्या शिंजिराचा फोटो पाठवून 'हमिंगबर्ड आला' म्हणणारे माझे मित्र हे ऐकून रुसतात. शिंजीर सहसा देठावर बसून मध पितो. हा हवेत एका जागी थांबून पितो आणि पिऊन झालं की मागच्या मागे उडत सरकतो. घराणीच वेगळी. रुसोत बापडे.

आता दुसरा हात छातीवर ठेवा. ठोके मोजू नका, नुसते लागू द्यात. मिनिटाला सत्तरेक असतील. फुलापुढे थांबलेल्या हमिंगबर्डचं काळीज मिनिटाला हजारावर ठोके देऊ शकतं. तुमच्या एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत त्याचे चौदा-पंधरा होतात. मनातल्या मनात बसवून बघा. मी बघितलं, जमलं नाही. पाचव्या-सहाव्यालाच माझा पुढचा ठोका येतो.

एवढी आग पेटती ठेवायची तर सरपण सतत लागणार. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीने अंगणात त्यांच्यासाठी साखरपाण्याची बाटली टांगली आहे. चार वाट्या पाणी, एक वाटी पांढरी साखर. मध नाही, गूळ नाही, लाल रंग तर नाहीच. पहिल्या वर्षी तिने पाहुण्यांना द्यावं तसं चांगलं गोडमिट्ट केलं होतं, मग शेजारणीने प्रमाण सांगितलं. ती म्हणते, दिवसभर ये-जा चालते, आणि अंधार पडला की एकदम कुणी नाही.

त्या अंधारात थोडं थांबू. श्वास येतो तसा येऊ द्या.

आपण आता पेरूत आहोत, अँडीज पर्वतात, ३८०० मीटरांवर. वारा बोचरा आहे. एका फांदीवर काळपट रंगाचा लहानसा हमिंगबर्ड बसला आहे. दिवसा त्याचं अंग ४० अंशांच्या आसपास गरम असतं, आपल्याला ताप म्हणावा इतकं. रात्रभर तेवढी ऊब धरायची तर पहाटेपर्यंत साठा संपून तो मरेल. म्हणून तो ऊब सोडून देतो. पिसं फुलवतो, चोच वर करतो. ठोके हजारावरून पन्नासच्या आसपास येतात. श्वास अधूनमधून थांबतोच. याला टॉर्पर म्हणतात, रात्रीपुरती शीतनिद्रा म्हणा हवं तर. याच डोंगरांतल्या पक्ष्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात एका पक्ष्याचं शरीर ३.३ अंशांपर्यंत उतरलेलं आढळलं. फ्रिजमधल्या दुधाच्या पातेल्याएवढं गार.

पूर्वी घरात रात्री निखारे राखेत पुरून ठेवत. वरून चूल मेलेलीच दिसे. मला तो पक्षी तसा दिसतो. त्या वेळी कुणी हात लावला तरी त्याला पटकन उडता येत नाही. मांजर आली तरी नाही. या धोक्यापुढे 'निवांत' हा शब्द वापरायला माझी जीभ रेटत नाही. यात विसाव्यापेक्षा हिशेब जास्त आहे. पोटात पुरेसं असेल तर पक्षी ही वाट टाळतोही. अंडी उबवणारी मादी तर बहुतेक रात्री गार होतच नाही, कारण तिच्या उबेवर आणखी दोन जीव असतात.

मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांनी हे गार होणं फार आधी पाहिलं असावं. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने त्यांच्याकडची माहिती गोळा करून मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात लिहिलं आहे, की हा पक्षी हिवाळ्यात चोचीने झाडाला लटकतो, सुकतो, त्याची पिसं गळतात आणि पाऊस आला की तो पुन्हा जिवंत होतो. चोचीने लटकणं आणि पिसं गळणं चूक आहे. पण मेल्यासारखा दिसणारा जीव उठतो, हे कुणीतरी फांदीजवळ उभं राहून पाहिल्याशिवाय सुचायचं नाही.

आता पहाट. उजेड अजून नाही, पण फांदीवर काहीतरी सुरू झालं आहे. उडण्याचे स्नायू थरथरताहेत, पंख मिटलेलेच. मिनिटाला साधारण एक अंश, अशी ऊब चढते आहे. चार, पाच, सहा. घाई करू नका, चाळीस फार लांब आहे. ही थरथरसुद्धा साठ्यातूनच चालते. रात्री सगळं जाळलं असतं तर सकाळी चूल पेटवायला काडी उरली नसती. वीस. पंचवीस. श्वास पुन्हा एकसारखा लागला. पस्तीस. डोळे उघडले. तो पहिल्यांदा फुलाकडेच जातो.

तळहाताकडे लक्ष न्या. मघाचं गार नाणं आता तुमच्या हाताइतकं ऊबदार झालं असेल. खिशात टाका आणि झोपा.