दैव पाचवं

मलकापुरात ढेबेवाडी फाट्याजवळ माझं गॅरेज आहे. खंडेनवमी जवळ आली की चेन-सॉकेट बदलून घेणाऱ्यांची रीघ लागते, कारण पावसाळ्याच्या चिखलानं चेनी पार खाल्लेल्या असतात. नवा सेट बसतो, गाडीला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू फुटतं. मग मी सांगतो, पाचशे किलोमीटर झाले की दाखवायला या. यंदा एका गुरुजींनी विचारलं, "मिस्त्री, पूजा झाली. आता परत बघायचं म्हणजे देवावर अविश्वासच की!"

प्रश्न खरा आहे. हसून सोडून द्यावा असा तर नाहीच.

नवी चेन कितीही नीट बसवा, सुरुवातीच्या काही शे किलोमीटरांत ती थोडी सैल पडतेच. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश एकमेकांवर घासून जागा धरतात. एका कडीत ते अंतर डोळ्याला दिसतही नाही, पण शंभरेक कड्यांचं मिळून हाताला कळतं. यात ना फिटरची चूक, ना मालकाची. देवाची तर नाहीच नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेलं नाही, पण त्याचा नंबर पाचवा. आधीची चार आपण अर्धवट सोडायची आणि रस्त्यात चेन तुटली की नशिबाला बोल लावायचा, याला मी श्रद्धा म्हणत नाही.

गुरुजींना तिथंच दाखवलं. गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि खालच्या बाजूला मधोमध चेन बोटानं वर-खाली केली. एकाच जागी बघून भागत नाही. चाक फिरवत गेलं की कुठंतरी चेन जास्त ताठ लागते. माप तिथं घ्यायचं. त्यांच्या गाडीला 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते. दोन्हीकडच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या हव्यात आणि लॉकच्या क्लिपचं उघडं तोंड चेन धावते त्याच्या उलट दिशेला.

काहीजण मात्र भीतीपोटी चेन ताठ करून मागतात. मागं माणूस बसला, खड्डा आला, चाक वर गेलं की ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. या लोकांना पाचवं कारण मान्यच नसतं. माझ्या मते तीही श्रद्धेतलीच उणीव.

समोर आगाशिवचा डोंगर आहे. माथ्यावर महादेव, अंगावर बौद्ध लेणी. त्या लेण्यांतले भिक्खू जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हते, तरी बुद्धांचं अखेरचं सांगणं गाफील राहू नका हेच होतं. देव मानणारा आणि न मानणारा इथं एकमतावर येतात.

नवमीला चेन बदललेल्यांनी दिवाळीला गावी निघण्याआधी गाडी घेऊन यावं. ताण बघायचे मी पैसे घेत नाही.