हात लागला होता

डिंडोलीत आम्ही ज्या सोसायटीत राहतो, तिच्या मागील मोकळ्या जागेवर संध्याकाळी कबड्डीचा सराव चालतो. खेळणारी मुले बहुतेक धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या घरांतील आहेत. कुणाचे वडील लूमवर, तर कुणाचे साडीच्या मार्केटात कामाला. उधना-जळगाव लोहमार्गाने माणसे सुरतेस आली, तेव्हा गावचा हुतूतूही त्यांच्याबरोबर गाडीत चढला असावा. या मुलांपैकी एक महाविद्यालयात शिकतो आणि तेथील पुरुष संघात डाव्या कोपऱ्यावर उभा राहतो. दिवाळीपूर्वी झालेल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील उपान्त्य सामन्यात त्याच्या हातून जे घडले, त्याने आम्हांस हा लेख लिहावयास लावले आहे.

सामना संपण्यास दोनेक मिनिटे उरली होती व गुण समसमान होते. प्रतिपक्षाचा चढाईपटू मागे वळताना त्याच्या पायाचे टोक या मुलाच्या पोटरीला निसटते लागले. मध्ये दुसऱ्या बचावपटूचे अंग आले असल्याने पंचांना ते दिसले नाही. त्यांनी चढाई निष्फळ ठरविली. तेवढ्यात या मुलाने हात वर केला आणि तो मुकाट्याने मैदानाबाहेर जाऊन बसला. प्रतिपक्षास एक गुण मिळाला आणि सामना त्या एकाच गुणाने गेला. त्यानंतर पंधरा दिवस संघातील कुणी त्याच्याशी धड बोलले नाही. एके संध्याकाळी तो आमच्याकडे येऊन बसला व म्हणाला, "अण्णा, माझं चुकलं का?"

आम्ही तत्काळ "मुळीच नाही" असे म्हणालो. म्हणालो खरे, परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर ते उत्तर आम्हांला फारच स्वस्त वाटू लागले. आपले काहीच पणाला लागलेले नसताना दुसऱ्याच्या सत्यवादित्वाची वाखाणणी करणे हा सेवानिवृत्तांचा आवडता उद्योग आहे, आणि त्यात आम्हीही आलोच.

प्रथम त्याच्या सोबत्यांची बाजू पाहू. महाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे पोरखेळ असे समजणाऱ्यांनी त्या मुलांच्या घरी एकदा जाऊन यावे. या स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो, आणि तेथे चमकलेल्या खेळाडूकडे रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांचे लक्ष जाते. महाराष्ट्रात तर शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. एका गुणामागे असे एखाद्या घराचे पुढील तीस वर्षांचे अन्न उभे असू शकते. तो गुण त्या मुलाच्या एकट्याच्या मालकीचा होता काय? सात जण मैदानावर, पाच जण राखीव; बारा जणांच्या घामाची ती मिळकत. आपल्या खिशातले दान केले तर माणूस उदार ठरतो. भावंडांच्या सामाईक पेटीतले कुणास न विचारता देऊन टाकले, तर त्यास काय म्हणावे? संघाचा हा आक्षेप आम्हांला हलका वाटत नाही. "खेळाडूचे काम खेळणे, पंचाचे काम पाहणे, आपण आपले काम करावे," असे त्यांच्यातील एकाने आम्हांस ऐकविले, आणि त्या श्रमविभागणीतही तथ्य आहेच.

या संदर्भात १९८० च्या फेब्रुवारीतील मुंबईची सुवर्णमहोत्सवी क्रिकेट कसोटी आठवते. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. यष्टिरक्षक बॉब टेलर यास पंचांनी झेलबाद ठरविले. परंतु चेंडू बॅटीस लागला नसल्याची खात्री पटल्याने भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याने त्यास परत बोलाविले. मग टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली व भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. विश्वनाथने दिलेला तो बळीही एकट्या त्याचा नव्हता, सबंध संघाचा होता. तरीही त्याचे नाव आजवर आदराने घेतले जाते. मात्र येथे एक भेद लक्षात घ्यावा. विश्वनाथ त्या वेळी कर्णधार होता, नावारूपास आलेला होता. पराभवानंतर त्याच्या घरची चूल बंद पडणार नव्हती. "सामना हरला पण मने जिंकली" हे वाक्य अशा थोरांच्या बाबतीत शोभते. डिंडोलीच्या मुलाने जिंकलेली मने कोणत्या भरती मंडळापुढे मांडावीत?

आता दुसरी बाजू. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकन एका मेंढपाळाची कथा सांगतो. त्यास अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि मग कुणी पाहत नसल्यामुळे तो राणीस फितवून राजाचा वध करतो व राज्य बळकावतो. ग्लॉकनचा प्रश्न असा की, अशी अंगठी हाती असूनही न्यायाने वागेल असा माणूस आहे काय? नीतिशास्त्रात हा दाखला वारंवार येतो, आणि पंचाच्या दृष्टीआड झालेल्या स्पर्शास तो तंतोतंत लागू पडतो असे आम्हांस पहिल्या रात्री वाटले.

दुसऱ्या दिवशी ते पटेना. मेंढपाळाचे कृत्य कुणालाच दिसत नाही. कबड्डीतील स्पर्शाची गोष्ट वेगळी आहे. स्पर्श एका अंगाने होत नाही. ज्यास लागला त्यास जसा तो कळतो, तसाच ज्याने केला त्यासही कळतो. त्या मैदानावर त्या क्षणी दोन माणसांस सत्य ठाऊक होते, आणि ती दोघे एकमेकांसमोर हातभर अंतरावर उभी होती. बचावपटू जागचा हलला नसता, तर त्याने पंचांना फसविले असे आपण म्हटले असते. वस्तुतः पंच बिचारे कशाचेच साक्षी नव्हते. असत्य सांगितले गेले असते ते त्या चढाईपटूस, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, एक शब्दही न उच्चारता. क्रिकेटमध्ये चेंडूचा निसटता स्पर्श एकट्या फलंदाजास जाणवू शकतो. आपल्या या खेळात ती पळवाटच नाही.

गल्लीतील हुतूतूस पंच नसे. ज्यास हात लागला त्याने "लागला" म्हणावे, नाहीतर भांडण व्हावे, आणि भांडण लांबले की अंधार पडून डाव मोडावा. म्हणजे स्पर्शाची कबुली ही खेळात वरून घातलेली सज्जनता नसून, तिच्यावाचून खेळच चालत नसे. नियमांची पुस्तके, सरपंच, पंच, गुणलेखक ही सारी मंडळी नंतरची. कबुलीवर एकमत होईना तेव्हा वाद तोडण्यास त्यांना आणले गेले. ते आल्यामुळे पहिला करार रद्द झाला असे कुठल्या पुस्तकात लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही. सरकारी कचेरीत लेखापरीक्षक येतो म्हणून रोखपालाने पैसे मोजणे सोडावयाचे नसते, तसेच हे.

यंत्रे आली की हा प्रश्न मिटेल असे काही जण सांगतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारत व इराण यांच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावत चढाईत कुणास स्पर्श न करता राखीव पट्ट्यात गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. सर्व काही चित्रफितीत स्वच्छ दिसत होते. तरी जुन्या नियमाने गुण द्यावेत की नव्या, यावर सुमारे तासभर खेळ थांबला. कधी दोन्ही संघ तर कधी एक संघ मैदानात बसून राहिला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. काय घडले हे कॅमेऱ्याने दाखविले, पण काय करावे हे माणसांनाच ठरवावे लागले. शिवाय महाविद्यालयीन सामन्यांत असे कॅमेरे असतातच कुठे? तेथे ज्यास लागले त्याची जीभ हीच चित्रफीत.

येथवर लिहून थांबणे सोयीचे झाले असते. परंतु त्या मुलास आम्ही जे सांगितले नाही, ते येथे न सांगणे योग्य होणार नाही.

१९७८ च्या सुमारास आम्हीही खानदेशातील एका महाविद्यालयाच्या संघात होतो. जळगावचे विद्यापीठ १९९० चे. तेव्हा आमची महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे होती. विभागीय अंतिम सामन्यात एका चढाईपटूचा हात आमच्या मनगटास लागला. पंचांनी विचारल्यासारखे आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही जमिनीकडे पाहिले. आम्ही एका गुणाने जिंकलो. ढाल महाविद्यालयाच्या काचेच्या कपाटात गेली, वर्गात टाळ्या पडल्या, आणि त्या प्रमाणपत्राचा पुढे आम्हांस उपयोगही झाला.

पंधरा-सोळा वर्षांनी एक गृहस्थ कामानिमित्त कचेरीत आले. कागदावर आमची सही झाल्यावर उठता उठता म्हणाले, "साहेब, ओळखलं नाहीत. तुमच्या मनगटाला त्या दिवशी हात लागला होता ना?" आम्ही "हो" म्हणालो. ते हसले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि नमस्कार करून गेले. रागावले असते तर बरे वाटले असते. आमच्या त्या "हो"ने त्यांच्या माहितीत तिळमात्र भर पडली नव्हती. त्यांना ते पहिल्या क्षणापासून ठाऊक होते आणि इतकी वर्षे आम्हीही ते ठाऊक असल्याचे ठाऊक असूनच जगत होतो. आमच्या संघातील बाकीच्या सहा जणांना मात्र यातले काहीच माहीत नव्हते. त्यांच्या मिळकतीत आम्ही न विचारता खोटे नाणे मिसळले होते. सामाईक पेटीचा जो न्याय त्या मुलास लावावयाचा, तो मग आम्हांसही लावावयास नको काय? एकाने विचारल्याविना काढले, दुसऱ्याने विचारल्याविना टाकले.

एवढे झाल्यावरही संघाच्या आक्षेपाचा काही अंश उरतोच, आणि तो दूर करणे त्या मुलाच्या एकट्याच्या हातात नाही. संघाने हंगामाच्या आरंभीच एकत्र बसून ठरविले असते की, लागले तर लागले म्हणावयाचे, तर तो गुण देण्यास बाराही जणांची संमती मिळाली असती आणि पराभवाचा भार एकाच्या माथी आला नसता. प्रशिक्षक पकडीचे बारा प्रकार शिकवितात. ही बैठक घेण्यास अर्धा तास पुरेल. परवा आम्ही हे त्यांच्या कर्णधारास बोललो. त्याने ऐकून घेतले व म्हणाला, "आणि समोरच्यांनी नाही ठरवलं तर?" आम्ही म्हटले, मग तुमचे काही गुण जातील. तो काही बोलला नाही.

काल संध्याकाळी गच्चीवरून पाहिले. मुले सराव करीत होती. त्या मुलास पुन्हा डाव्या कोपऱ्यावर उभे केले होते. एका चढाईत पंच म्हणून उभ्या असलेल्या पोराने "नाही लागला" असे ओरडून सांगितले, आणि उजव्या कोपऱ्यावरचा कर्णधार जरा वेळ तसाच उभा राहिला, मग मान खाली घालून बाहेर गेला.