मर्यादा सर्वांनी मिळून ठरवावी

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात डिसेंबर हा हाती पैसा येण्याचा महिना. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असा १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. तो दरवेळी पाळला जातो असे नाही, तरी अनेक घरांत पहिली उचल याच सुमारास जमा होते. लग्नसराई याच दिवसांत येते आणि नाताळही. ख्रिस्ती घरांत करंज्या-चकल्या तळल्या जातात, मुलांना नवे कपडे येतात. लग्नघरांत भरपेहरावाच्या याद्या निघतात. कोणाला काय आणि कितीचे द्यायचे, हा प्रश्न मग घरोघरी उभा राहतो. तो घरगुती दिसला तरी त्याचे उत्तर एकट्या घराच्या हाती नसते.

उधळपट्टीचा विषय निघाला की बोट पटकन गरिबाकडे वळते. ही खोड जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, कर्जखते हिसकावून जाळली आणि हे लोण पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून कुणबी कर्जात बुडतो, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने हे मत तपासले आणि लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला गेल्याचे नोंदवले. असे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात आणि कर्जाचे मूळ क्वचितच त्यांत असते, असे आयोगाला दिसले. कारणे दुसरीच होती: अमेरिकेतील यादवी संपताच कापसाचे भाव कोसळले होते, १८६७च्या फेरआकारणीत इंदापूरचा शेतसारा जवळपास दीडपट झाला होता आणि व्याजावर व्याज चढत होते.

म्हणून गरिबाच्या हौसेला नावे ठेवणारा उपदेश मला मान्य नाही. लेकीला चांगली साडी द्यावी, भाच्याला सायकल घ्यावी असे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते जपलेच पाहिजे. टाळायचे आहे ते व्याज. आज ते सावकाराच्या चोपडीऐवजी दुकानातल्या बिनव्याजी हप्त्यांच्या पाटीमागे असते. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, ते प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. उसाच्या फडात तर याहून कठोर हिशेब चालतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या तोडणी मजुरांतल्या कितीतरी घरांचे लग्नकार्य मुकादमाकडून मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या उचलीवर पार पडते. ती रक्कम नवरा-बायकोचा कोयता पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधून फेडतो. हातात असलेल्या पैशातूनच भेट द्यावी आणि दुकानात शिरण्याआधीच आकडा ठरवावा, हा नियम म्हणूनच पहिला.

पण हे न कळण्याइतके लोक भोळे नसतात. कळत असूनही ते कर्ज काढतात, कारण आहेराचे माप दुसऱ्याच्या नजरेत असते. गेल्या कार्यात कोणी काय दिले ते वहीत लिहिलेले असते, त्याहून कमी देणे कमीपणाचे वाटते. म्हणून देण्याघेण्याच्या साड्यांचे वेगळे गठ्ठे दुकानांत असतात. कोणी न नेसलेली साडी घडी न मोडता एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहते. यात घेणाऱ्याच्या गरजेचा विचार कोणीच केलेला नसतो. मोठ्या बागायतदाराने साधा आहेर केला तर त्याचा साधेपणा वाखाणला जातो. तसाच आहेर कोरडवाहू भावाने केला तर त्याची ऐपत काढली जाते. एकट्या गरिबाला काटकसर सांगणे यामुळेच अन्यायाचे ठरते.

यावरची वाट याच जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी दाखवली गेली आहे. सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांच्या त्या लग्नाची व्यवस्था सावित्रीबाई फुले यांनी पाहिली आणि खर्च जवळजवळ पानसुपारीपुरता राहिला. तेवढाच खर्च एखाद्या एकट्या कुटुंबाने केला असता तर लोक हसले असते. सगळ्या सत्यशोधक समाजाने तो तत्त्व म्हणून स्वीकारला होता, त्यामुळे त्याला प्रतिष्ठा मिळाली.

नाताळात शाळा-कचेऱ्यांतून रुळलेली चिठ्ठ्यांची पद्धत मला याच कारणासाठी मोलाची वाटते. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, नाव निघेल त्या एकालाच भेट द्यायची आणि रकमेची मर्यादा सगळ्यांनी आधी ठरवायची. वीस वस्तूंऐवजी एकच घ्यायची असली की त्या माणसाला काय लागते, याचा विचार करायला उसंत मिळते. कोणाची गरिबी उघडी पडत नाही. दिवाळीत, बारशाला, भावकीतल्या लग्नाला ही रीत का नसावी? ठरलेल्या रकमेतून खरेदी करताना जवळच्या कारागिराला आधी विचारावे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा पुण्यात डिसेंबरात भरते. तिथे बचत गटांच्या बायकांनी केलेल्या चटण्या, पापड, गोधड्या असतात. त्यांना दिलेला पैसा एखाद्या बाईच्या हाती मिळकत म्हणून पडतो.

अशी मर्यादा आपोआप पडणार नाही. तिची सुरुवात करण्याचा भार ज्याचे उसाचे बिल सर्वांत मोठे आहे त्याच्यावर आहे, कारण कमी दिल्याने त्याचा मान कमी होत नाही. त्याने आपल्या घरच्या कार्यात पाचशे रुपयांपलीकडे आहेर घेणार नाही असे पत्रिकेत छापावे आणि दुसऱ्याच्या कार्यात स्वतःही तेवढाच द्यावा. मग कोरडवाहू भावालाही तेवढाच आहेर ताठ मानेने देता येईल.