उतारशाळा म्हणजे मंडळी काय?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक 10:25-37) शिकवताना शब्बाथशाळेचे काही शिक्षक फळ्यावर एक तक्ता काढतात. वाटसरू म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान व त्याचे दूत, याजक व लेवी म्हणजे जुना करार, शोमरोनी म्हणजे खुद्द प्रभू आणि उतारशाळा म्हणजे मंडळी. हा अर्थ आजचा नव्हे. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (354-430) याने तो सविस्तर मांडला आहे. त्याच्या मते यरीहो म्हणजे चंद्र, कारण चंद्र कलेकलेने क्षीण होतो व आपल्या मर्त्यपणाची आठवण देतो. आणि उतारशाळेचा रक्षक म्हणजे प्रेषित पौल. प्रभूला प्रश्न विचारणाऱ्या त्या शास्त्र्याला पौल कोण हे कसे कळावे, असे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारले तर शिक्षकाची पंचाईत होईल!

मुलांना असा तक्ता आवडतो. कोडे सुटल्याचा आनंद त्यात असतो. पण कॅल्व्हिनने 1555 साली शुभवर्तमानांवरील आपल्या भाष्यात हा अर्थ नाकारला. शास्त्राचा सरळ अर्थ झाकून टाकण्याची मुभा आपण घेऊ नये, इतका मान शास्त्राला दिला पाहिजे, असे त्याचे म्हणणे.

तरीही आध्यात्मिक अर्थ सरसकट टाकून देता येत नाही. हागार व सारा या दोन करारांचे रूपक आहेत, असे पौलच सांगतो (गलती 4:24). शिवाय ऑगस्टिननेही दुसऱ्या एका ग्रंथात याच दाखल्यावरून, ज्याला दयेची गरज आहे तो आपला शेजारी, असे अगदी साधेपणाने शिकविले आहे.

माझी अडचण निराळी आहे. तक्त्यात आपण जखमी वाटसरू होतो आणि प्रभू आपल्याला उचलून नेतो. तारणाच्या दृष्टीने हे खरेच आहे. परंतु प्रभूने शास्त्र्याला त्या जागी निजविले नाही. त्याने त्याला उठून तसेच करावयास सांगितले. ही आज्ञा तक्त्याच्या कोणत्याच ओळीत बसत नाही.

अक्षरशः अर्थ धरणारे आपणही मात्र सहज सुटत नाही. ‘शोमरोनी’ हा शब्द आता आपल्या कानांना गोड लागतो. त्या काळी यहूद्यांचा शोमरोन्यांशी व्यवहार नव्हता; प्रभूने प्यावयास पाणी मागितले याचेच विहिरीवरच्या बाईला नवल वाटले (योहान 4:9). कोणाच्या हातचे पाणी चालते, हा प्रश्न आपल्या लोकांना परका नाही. बाप्तिस्म्याला दोन-तीन पिढ्या लोटल्या तरी सोयरीक जुळविताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. तेव्हा शब्दाला धरूनच अर्थ सांगायचा, तर ‘शोमरोनी’ या शब्दाच्या जागी आपल्या गावात कोणाचे नाव घालावे?

मी एकदा वर्गात हेच विचारले. मुलांनी क्षणाचाही विलंब न लावता जवळच्या एका वस्तीचे नाव घेतले. मागच्या बाकावर बसलेली वडीलधारी मंडळी खाली पाहू लागली.

शास्त्र्याच्याही तोंडून ते नाव निघाले नाही. तिघांपैकी शेजारी कोण ठरला, असे प्रभूने विचारले तेव्हा, ज्याने दया केली तो, एवढेच तो बोलला.