पुरावा आपल्या बाजूचा असतो तेव्हा



धर्मशिक्षणाच्या वर्गात बारावीच्या एका मुलाने मला विचारले, “फादर, विश्वाला सुरुवात होती असे शास्त्रज्ञच म्हणतात. मग उत्पत्तीच्या पुस्तकात लिहिलेले सिद्धच झाले ना?” मी आनंदाने ‘हो’ म्हटले. मुले खूश, मीही खूश. रात्री मात्र ते ‘हो’ टोचू लागले. शास्त्रज्ञांनी उलटे सांगितले असते, तर ‘हा विज्ञानाचा प्रांत नव्हे’ असे मी तितक्याच झटपट म्हणालो असतो, हे मला पक्के ठाऊक होते.

ज्यांच्या गणितातून ही ‘सुरुवात’ पुढे आली ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. फादर जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे. जन्म १८९४. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले, १९२३ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि मग केंब्रिज व अमेरिकेत शिकून ते लुव्हेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९२७ मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावत आहे असे मांडणारा निबंध फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये भेटलेल्या आइन्स्टाइनने त्यांना सांगितले की तुमचे गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर आहे!

या निबंधातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. विश्वाची त्रिज्या कशी वाढते याचे समीकरण सोडवताना शेवटी एक घन बहुपदी हाती येते. घाबरू नका, शाळेत शिकलो तसलीच. तिचे साधे रूप असे : ‘क्ष’चा घन, उणे तीन क्ष, अधिक दोन. क्षच्या जागी एक घातला की उत्तर शून्य येते, म्हणजे एक हे तिचे मूळ झाले. आणि हे मूळ दोनदा येते. त्याचा अर्थ मोठा आहे. विश्वाची त्रिज्या त्या मुळाच्या जवळ असताना वाढ इतकी मंद असते की मागे मागे जात राहिले तरी आरंभाचा क्षण कधीच सापडत नाही. आइन्स्टाइन आणि डच खगोलज्ञ डी सिटर यांच्या दोन वेगळ्या विश्वांतले चांगले ते एकत्र आणणारा मार्ग लमेत्र यांना हवा होता. तो त्यांना या दुहेरी मुळापाशी मिळाला. म्हणजे गुरुदीक्षा होऊन चार वर्षे झालेल्या एका धर्मगुरूने सुरुवात नसलेले विश्व कागदावर मांडले आणि आपल्या नावाने छापले. रोज सकाळी मिस्सा अर्पण करणाऱ्या माणसाने!

पुढे १९३१ मध्ये, पुंजभौतिकीच्या विचारातून, सर्व काही एका आदिम अणूतून निघाले असे त्यांनी ‘नेचर’मधल्या छोट्या पत्रात सुचवले. त्या पत्राच्या मसुद्यात शेवटी परमेश्वराविषयी एक परिच्छेद होता. छापायला देण्याआधी त्यांनी तो खोडला.

खरी परीक्षा नंतर आली. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी विज्ञान अकादमीपुढे बोलताना नव्या खगोलशास्त्रात निर्मितीची साक्ष दिसते असे सुचवले. सावधगिरीचे शब्दही त्यात होते, पण वर्तमानपत्रांना तेवढा धीर कुठला? अकादमीचे सदस्य असलेले फादर लमेत्र अस्वस्थ झाले. जेज्वीट फादर ओकॉनेल यांच्यामार्फत त्यांनी आपले म्हणणे वर पोचवले, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. पुढल्या सप्टेंबरमध्ये रोमला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले, तेव्हा पोपमहोदयांनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

स्वतःच्याच सिद्धांताला मिळालेली एवढी मोठी शाबासकी कोण नाकारतो? पण त्या वेळी फ्रेड हॉइल आणि त्यांचे सहकारी सुरुवात नसलेल्या विश्वाचा सिद्धांत मांडत होते आणि वाद खुला होता. हॉइल यांचे विद्यार्थी, आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर, महास्फोटाविषयी शेवटपर्यंत साशंक राहिले. २०२५ मध्ये ते पुण्यात वारले. अशा प्रामाणिक माणसाचे गणित आपल्या श्रद्धेचे शत्रू कसे? संत थॉमस अक्विनास तर तेराव्या शतकातच सांगून गेले की जगाला आरंभ होता हे आपण श्रद्धेने मानतो, तर्काने ते सिद्ध होत नाही. आणि लंगडे पुरावे पुढे केले तर श्रद्धा न ठेवणाऱ्यांना हसायला कारण मिळते. जग अनादी असते तरी ते परमेश्वरावरच अवलंबून असते. सेमिनरीत मी हे परीक्षेसाठी पाठ केले होते. वर्गात मात्र नेमके विसरलो.

हा केवळ ताऱ्यांचा प्रश्न नाही. जमिनीचे तंटे घेऊन माझ्याकडे भाऊ भाऊ येतात. स्वतःच्या बाजूचा सातबारा प्रत्येकाला एका नजरेत पटतो, दुसऱ्याचा मात्र भिंग लावून तपासायचा असतो. आवडती बातमी आपण न वाचताच मोबाइलवरून पुढे धाडतो. मीही त्यातलाच.

फादर लमेत्र यांच्या बाजूने ठोस पुरावा आला तो १९६५ मध्ये, आकाशभर पसरलेल्या मंद प्रारणाच्या रूपाने. जून १९६६ मध्ये निधनाच्या थोडे आधी, आजारपणात, त्यांना ती वार्ता कळली.

पुढच्या रविवारी मी वर्गात माझे ‘हो’ मागे घेतले. “मग फादर, सुरुवात होती की नव्हती?” तोच मुलगा. मी फळ्यावर ती बहुपदी लिहायला घेतली आणि शेवटी ‘अधिक दोन’ऐवजी ‘उणे दोन’ लिहिले. त्याने मनातल्या मनात एक घालून पाहिला. “फादर, शून्य येत नाही,” असे म्हणत तो उठला आणि त्याने खडू माझ्या हातातून घेतला.