आजचे चिंतन : देवाने केलेला खरारा



आजचे वाचन : महाभारत, द्रोणपर्व, जयद्रथवधाचा प्रसंग.

गोष्ट आपल्याला माहीत आहे. अभिमन्यू गेला, अर्जुनाने प्रतिज्ञा केली, सूर्यास्ताच्या आत जयद्रथ, नाहीतर अग्निप्रवेश. पण मधला एक प्रसंग आपण बहुतेक वेळा घाईत ओलांडून जातो. दिवस कलायला लागलेला, जयद्रथ अजून लांब, आणि रथाचे घोडे थकलेले, अंगात बाण रुतलेले. अर्जुन कृष्णाला विचारतो, आता काय करू या? आणि ठरतं असं की भर रणांगणात, शत्रूने वेढलेलं असताना, घोडे सोडायचे. अर्जुन रथातून उतरून पायी लढतो. घोड्यांना प्यायला पाणी नाही म्हणून बाणाने जमीन फोडून तळं करतो आणि बाणांचंच एक घर उभारतो. त्या घरात कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण स्वतःच्या हाताने उपसतो, अंग चोळतो, पाणी पाजतो, चारतो. मग परत जुंपतो.

एकेक क्षण मोलाचा असताना देव खरारा करत बसलाय! हे वाचलं की मला दर वेळी तलासरीजवळचा माझ्या मामांचा तबेला आठवतो. आज तेच सांगतो.

मामांकडे एक पांढरी घोडी होती, चांदणी. लग्नाच्या वरातीत जायची. २०१९ च्या जानेवारीत एका वरातीहून येताना तिचा पुढचा डावा पाय दुखावला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गुडघ्याखालची टेंडन आहे, सहा आठवडे तबेल्यातून बाहेर काढायची नाही. धावली तर पाय कायमचा जाईल.

सांगायला सोपं. रोज मैलोन्‌मैल चालणारं जनावर चार भिंतींत उभं! दोन दिवसांत ती एकाच जागी उभी राहून डोकं डावी-उजवीकडे झुलवायला लागली. तासन्‌तास. दाराला लाथा, अंगावर घाम, चारा तसाच. मी तेव्हा नोकरी सोडून घरी बसलो होतो, म्हणून डहाणू लोकल पकडून मदतीला गेलो. मदत कसली, मला तर मोरखीसुद्धा नीट घालता येत नव्हती.

आणि नेमके ते दिवस भूकंपाचे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात धक्के चालूच होते. धुंदलवाडीचं नाव तेव्हा रोज पेपरात असायचं. आधी जमिनीतून सुरुंग फुटल्यासारखा आवाज, मग पत्रे थडथडायचे. लोक थंडीत घराबाहेर झोपत होते.

१ फेब्रुवारीला, शुक्रवारी, एकामागून एक धक्के बसले. सगळ्यात मोठा ४.१ रिश्टरचा. मी तबेल्यातच होतो, चांदणीला पाणी दाखवत होतो. जमीन हलली आणि मी बादली टाकून पळालो. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. अंगणात उभा राहून धापा टाकत होतो, तेव्हा लक्षात आलं की दाराची कडी मीच बाहेरून लावून आलोय.

मामांकडचे मोतद्दार, वारली समाजातले, आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते कडी काढून आत गेले. मी दारातून पाहिलं, एक हात तिच्या मानेवर, तोंडाने हळू हळू काहीतरी पुटपुटतायत. ती थरथरत होती, पण उधळली नाही. त्याच दिवशी आमच्या भागात घाबरून घराबाहेर पळताना पडून एक लहान मुलगी गेली. संध्याकाळी ती बातमी आली तेव्हा घरात कोणी जेवलं नाही.

त्या रात्री मी मामांना विचारलं, "मामा, तिला असं कोंडून ठेवायचा आपल्याला काय अधिकार? आपण बाहेर झोपणार आणि ती कौलांखाली?"

मामा म्हणाले, "मोकळी सोडली तर पाय मोडंल. आत ठेवली तर छप्पर पडंल. तूच सांग काय करू."

मंडळी, हा प्रश्न मला आजही सोपा वाटत नाही. ज्याला कारण समजावून सांगता येत नाही, त्याला त्याच्याच भल्यासाठी अडवून ठेवायचं की नाही? आजारी आजीला आपण घराबाहेर पडू देत नाही, लहान पोराला दवाखान्यात धरून ठेवतो. "तुझ्याच भल्यासाठी" हे वाक्य खरं असतं, आणि तेच वाक्य सगळ्यात सोयीचंही असतं. मी चांदणीला शांत करू पाहत होतो, ते तिच्यासाठी, की तिच्या लाथांनी माझी झोप मोडत होती म्हणून?

उत्तर दादांनी शोधलं, तेही न बोलता. दुसऱ्या दिवशी अंगणात, घरापासून लांब, कारवीच्या कुडाचं बारा फुटी चौकोनी आवार उभं केलं. वर नुसता भाताचा पेंढा. पडला तरी कोणाला लागणार नाही. आत पळायला जागा नाही, पण चारी बाजूंना नजर मोकळी. आणि आपली खाट त्या कुडाला लावून टाकली.

मग डॉक्टरांना विचारून बाकीचं बदललं. चंदी कमी केली, कारण काम नसताना हरभरा खाल्लेल्या घोड्याची ताकद जाणार कुठे? सुका चारा मात्र दिवसभर थोडा थोडा. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो, त्याच्या पोटात आम्ल सतत तयार होतं, रिकामं पोट त्याला सोसत नाही. म्हणून चारा बारीक जाळीत बांधला, एकेक काडी ओढून खायला वेळ लागावा म्हणून. सोबतीला एक शेळी आणून ठेवली. घोडा कळपाचा प्राणी, एकटेपणा हीच त्याची मोठी भीती. आणि पाणी, चारा, खरारा रोज ठरल्या वेळी. पुढे काय होणार हे कळलं की भीती थोडी कमी होते, हे घोड्यालाही लागू आहे.

खरारा माझ्याकडे आला. पहिले दिवस ती कातडी थरथरवायची, कान मागे टाकायची. दादा म्हणाले, "तू घाईत हायेस. तिला समजतं." खरंच होतं, माझं लक्ष मोबाइलकडे. मोबाइल घरात ठेवून जायला लागलो. श्वास हळू केला. आठव्या की नवव्या दिवशी तिने मान खाली टाकली आणि एक मोठा सुस्कारा सोडला. धक्के थांबले नव्हते. डोकं झुलवणंही पूर्ण थांबलं नाही, पण कमी झालं. मार्चमध्ये डॉक्टरांनी हातात धरून दहा मिनिटं चालवायला परवानगी दिली.

आता परत ग्रंथाकडे. कठोपनिषदात शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे, हे रूपक आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यातून आपण एकच शिकतो, लगाम ओढा. मन अस्वस्थ झालं की स्वतःला दटावतो, "गप बस, नाम घे, एवढं काय झालंय?" म्हणजे अगाडी-पछाडी बांधून टाकतो. त्याने शरीर जागेवर राहतं, पण आतली भीती तशीच राहते.

पण द्रोणपर्वातला सारथी काय करतो? तो लगाम उतरवतो. आधी रुतलेला बाण शोधतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन चंचल आहे अशी अर्जुनाने तक्रार केल्यावर ज्याने अभ्यास आणि वैराग्य सांगितलं, तोच हा. अभ्यास म्हणजे बळजबरी नव्हे, हे मला त्या कुडाजवळ कळलं. रोज ठरल्या वेळी, हळू हाताने, परत परत.

आणि अधिकाराचा प्रश्न? मला एवढंच उमगलंय की घर बाणांचं असो की कारवीचं, ज्याने दुसऱ्याला आत ठेवलं त्याने स्वतः आत यायला हवं. कृष्ण त्या घरात घोड्यांबरोबर होता. अर्जुन बाहेर होता, पण त्यांच्यासाठीच लढत होता. बाहेरून कडी लावून "तुझ्या भल्यासाठी" म्हणणारा मात्र मी होतो. चांदणीने मला माफ केलं का, हे विचारायची सोय नाही. त्या चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो, तेव्हा देवीपुढे तेवढंच बोललो.

आजचा संकल्प : आज मन उधळलं तर त्याला दटावू नका. पाच मिनिटं मोबाइल लांब ठेवा, आणि बाण कुठे रुतलाय ते बघा. आणि तुमच्या घरी कोणी "त्याच्याच भल्यासाठी" अडकून असेल, आजारपणात, परीक्षेत, म्हातारपणात, तर आज थोडा वेळ त्यांच्याजवळ आत जाऊन बसा. उपदेश नको, नुसतं बसा.

उद्या इथूनच पुढे वाचू. राम कृष्ण हरी.