दोष कोणाचा?

आरोग्यसेवेत नवे काही घडायचे तर पैसा, यंत्रे आणि तज्ज्ञ हवेत, असे आपण सहज म्हणतो. ते खोटे नाही. पण तेवढेच पुरेसे असते, तर दुष्काळी जामखेडात आणि अरण्यमय गडचिरोलीत काहीच नवे घडले नसते.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि खेड्यांतील स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था स्थापन केली. बालकाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी त्याचे श्वास मोजावे लागतात. निरक्षर सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येईना. तेव्हा एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधे साधन घडवण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

येथे एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. आकडे येत नाहीत, हा दोष बाईचा की साधनाचा? दोष बाईचा मानला, तर तिला वगळून आपण मोकळे होतो. दोष साधनाचा मानला, तरच नवे साधन जन्माला येते.

कोणी म्हणेल, वैद्यक शास्त्रावर चालते, लोकांच्या मतांवर नव्हे. खरेच आहे. म्हणूनच गडचिरोलीत घरोघरच्या नवजात सेवेची तुलना सेवा नसलेल्या गावांशी केली गेली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी आढळला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. नम्रता आणि शिस्त तेथे हातात हात घालून चालल्या. पुढे २०११ साली देशभर आशाताईंकडे नवजात बाळांसाठी घरभेटींचे काम आले.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे वळू. दिवाळीनंतर पाड्यांवरील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. गरोदर बाईचे नाव पाड्याच्या नोंदवहीत राहते, ती मात्र दूर भट्टीवर असते. वहीत ‘गैरहजर’ असा शेरा मारला की काम संपते. पण गैरहजर कोण? ती, की आपली सेवा?

हा प्रश्न सर्वप्रथम आशाताईला पडतो. तो विचारण्याचे धैर्य तिला वाटते का आणि वरिष्ठांना तो ऐकवतो का, यावर संस्थेची नवनिर्मितीची शक्ती अवलंबून असते. अनुदानाने यंत्र येते. कान मात्र आपले आपणच उघडावे लागतात.